साहेबाचं निशाण, दुर्गीचा पदर

२४ फेब्रुवारी १९४७, खासबाग

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला हात घातला की माणसानं नोंद ठेवावी. पुढे कुणी विचारलं तर तारीख सापडते.

भरमू आला होता. कंग्राळीचा भरमू, माझ्याबरोबर इंग्रजी पाचवीपर्यंत होता. आता कॅम्पात ब्रिगेडियर साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. खिशातून साहेबांच्या गाडीचं निशाण काढून दाखवलं. लाल. नुसतं लाल! हातरुमालाएवढं. वाऱ्यानं एक कड उसवलेली. म्हणाला, वैनीला सांगून दोन टाकं घालून दे की, शनवारी साहेब खानापूरला निघाल्यात.

वैनी म्हणजे माझी बायको अंजनी. तिनं सुई हातात घेतलीसुद्धा. मी ती काढून घेतली. आता टाक्यांवर भागण्यासारखी परिस्थिती नाही. एवढ्या शिपायांचा कमांडर, आणि त्याच्या गाडीवर हे फडकं? हिंगाच्या पुरचुंडीला याहून बरं कापड लागतं. भरमूला स्पष्ट सांगितलं, नवीन निशाण मी विणून देतो, डिझाइनसकट. तो म्हणाला, बघ बाबा.

म्हणजे ऑर्डर मिळाली.

मी परसात गेलो तेवढ्यात अंजनीनं टाके घातलेच. भरमू ते घेऊन गेला. असो. टेंपररी आहे ते.

२६ फेब्रुवारी

घरची परिस्थिती. लिहून काढली की प्लॅन नीट होतो.

मागावर दुर्गीच्या लग्नाच्या साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला आहे. दुर्गी माझी धाकटी बहीण. ताणा लाल रेशमाचा. लढाईच्या आधी आईनं दुर्गीसाठी म्हणून घेऊन पेटीत ठेवलेलं रेशीम. आई गेली, रेशीम राहिलं. हल्ली सुताला कंट्रोल, रेशीम तर बघायलाही मिळत नाही. आमच्या घरची रीत अशी, की मुलीची लग्नाची साडी घरच्या मागावरची, विकतची नेसवायची नाही. आणि लग्नात बापानं स्वतःच्या हातानं पदर तिच्या खांद्यावर टाकून व्याह्यांना दाखवायचा. कोष्ट्याच्या घरची मुलगी आहे हे दिसायला हवं.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऊन आणि सावली कळते, बाकी काही नाही. हातही कापतात. त्यामुळे साडी मी विणायची. लग्न ज्येष्ठात. स्थळ निपाणीचं. वेळ भरपूर.

प्लॅन: ताण्याच्या सुरुवातीला वारभर निशाण काढून घ्यायचं, मग साडी. नऊवारीत वारभर इकडेतिकडे झालं तर कोण मोजतं? शिवाय दुर्गी अंगानं बारीक. शिवाय साहेब खूश झाले की रेशमाचं परमिट एका सहीचं काम. मग एक सोडून तीन साड्या.

१ मार्च

निशाणांचा अभ्यास सुरू. भरमूला दोन कप चहा पाजून माहिती काढली.

लष्कराचं लाल, आरमाराचं गडद निळं, विमानवाल्यांचं आकाशी. आकाशी निशाण आकाशात दिसणार कसं, याचा विचार कुणी केलेला नाही. त्यांना सवडीनं पत्र टाकावं लागेल. गाडीच्या पाटीवर ब्रिगेडियरला एक चांदणी, त्याच्या वरच्याला दोन. साहेब गाडीत असतील तरच निशाण उघडं. नसतील तेव्हा त्यावर कापडी खोळ. हे मला आवडलं. आमचे आप्पा पागोट्याला अशीच खोळ घालतात.

निशाण मुळात कशासाठी असतं, हा मूलभूत प्रश्न विचारला. भरमू म्हणाला, लांबनं दिसावं म्हून. म्हंजी सेंट्रीला बिडी टाकायला येळ गावतो.

इतका उथळ विचार! निशाण म्हणजे कमांडरचा स्वभाव. लाल म्हणजे शौर्य हे मान्य. पण कुणाचं शौर्य? तापट की शांत? साध्या लाल फडक्यातून शत्रूला हे कसं कळावं? ठरलं. मध्ये सिंह, म्हणजे धैर्य. त्याच्या पाठीमागे दोन तलवारी फुलीसारख्या, एक चढाईची आणि एक बचावाची. सिंहाच्या तोंडापुढे चांदणी, म्हणजे हुद्दा. डोक्यावर मुकुट, म्हणजे बादशहा.

दुकानाची पाटी मनात तयार आहे. ‘लष्करी निशाणांचे खास कारागीर.’ इंग्रजीतसुद्धा.

३ मार्च

कागदावर सिंह काढला. अंजनी म्हणाली, मांजर हाय. दुर्गी म्हणाली, न्हाय वैनी, मांजराला येवढी दाढी कुठं असती?

दुर्गीला कलेची जाण आहे.

११ मार्च

माग सुरू केला. आप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, पदरापासनं धरलास व्हय रं? मी व्हय म्हणालो. हे खोटं नाही. निशाण पदराच्याच जागी विणतो आहे आणि पदरासारखंच विणतो आहे.

धोट्यात घालायच्या रेशमाच्या कांड्या दुर्गी भरून देते. तिला विश्वासात घ्यावंच लागलं. तिनं सिंहाच्या दोन पायांकडे बघून विचारलं, अण्णा, माझी साडी व्हईल न्हवं येळंला? मी म्हणालो, दुर्गे, मी कोण आहे? ती हसली. कांड्या भरायला लागली.

तिनं आप्पांना काही सांगितलं नाही. हे महत्त्वाचं. लष्करी काम गुप्तच ठेवायचं असतं.

२० मार्च

पहिलं निशाण तयार!

वारभर लांब, साडीच्या पन्ह्याएवढं रुंद. भरमूचं हातरुमालाचं माप मी बाजूला ठेवलं. ताणा रुंद आहे तर निशाण रुंद. माग काही रुमाल विणायला बसवलेला नाही. सिंह पिवळ्या रेशमाचा, तलवारी पांढऱ्या, चांदणी ठसठशीत. आप्पांनी लहानपणी शिकवलं तसं नेमकं विणलं, पदर खांद्यावरून खाली सोडला की नक्षी सरळ दिसली पाहिजे. दोन्ही हातांत वरून धरून बघितलं. सिंह ताठ उभा. अंगावर काटा आला.

साडीचं काम उद्यापासून.

२३ मार्च, पाडवा

मुहूर्त चांगला होता. भरमूची पुष्कळ मनधरणी केल्यावर त्यानं निशाण गाडीला लावलं. साहेब चर्चला निघाले होते. मी सकाळपासून कॅम्पातल्या रस्त्यावर झाडाखाली उभा. डोक्यावर नवी टोपी.

गाडी आली. आधी भरमूचं डोकं दिसलं, खिडकीतून बाहेर काढलेलं, कारण निशाण पुढच्या काचेवर पसरलं होतं. मग वारा फिरला आणि निशाण पूर्ण उलगडलं.

सिंह नाकावर उभा होता. शेपूट आभाळात.

शेजारचा टांगेवाला म्हणाला, साहेबाच्या घरात कोन गेलं काय वो?

२४ मार्च

शांतपणे विचार केला. ही चूक नाही. परंपरेचा फरक आहे. पदर वरून खाली लोंबतो, निशाण काठीपासून आडवं उडतं. आमच्या सात पिढ्यांनी कापड लोंबतं असंच गृहीत धरलं. कापड आडवंही राहू शकतं, हे इंग्रजांनी आधी सांगायला हवं होतं.

आणि खोलात गेलं तर यात मोठा अर्थ आहे. गाडी थांबली, वारा पडला, की निशाण खाली लोंबतं आणि सिंह सरळ होतो. गाडी निघाली की तोंड खाली घालून झेपावतो. म्हणजे कमांडर स्वस्थ तेव्हा सिंह पहाऱ्यावर, कमांडर निघाला की सिंह शत्रूवर! असं दुहेरी निशाण जगात कुठं असेल असं वाटत नाही.

भरमूला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ते समदं खरं रं. पर मला रस्ता दिसंना. खासबागंच्या वळणाला बैलगाडीच आडवी आलती.

२६ मार्च

अभिनंदनीय बातमी. साहेब निशाणाला व्हेरी जॉली म्हणाले आणि मॅडमनी ते बंगल्यात ठेवून घेतलं, चहाच्या टेबलावर घालायला. म्हणजे माझं काम कमांडरच्या घरात आतपर्यंत पोचलं. इतर कोणाचं पोचलं आहे का?

दुसरं निशाण सुरू करतो. या वेळी सिंह मागावर आडवा विणायचा, म्हणजे निशाणावर उभा राहील. साडी वारभर आणखी कमी होईल. सातवारी साडी वाईट दिसत नाही.

अंजनी म्हणाली, अवो, त्यानं कवा मागितलंय तुमाला? बायकांना डिफेन्स कळत नाही.

७ एप्रिल

मुकुटाची पंचाईत.

दुसरं निशाण जवळजवळ झालं होतं. सिंह आडवा विणणं फार कठीण. मान तिरकी करून करून मानेला लचका भरला. आज पेपर वाचताना भरमू सहज म्हणाला, हे गोरं लोक पुढच्या साली जून म्हयन्यापातूर जानार. मंग तुज्या सिंव्हाच्या डोस्क्यावरचा मुकुट कुनाचा?

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण मी कामात होतो. मुकुटाचं निशाण पेटीत टाकलं. निशाणावर चालू बादशहा ठेवणं ही व्यवहारातली चूक ठरली असती. कमांडरचं निशाण दहा वर्षं टिकायला हवं.

तिसऱ्यावर मुकुटाऐवजी फेटा. आमच्याकडचा, तुऱ्यासकट. कोणतंही सरकार आलं तरी फेट्याला हरकत घेणार नाही.

१४ एप्रिल

निपाणीहून व्याही आले. आण्णाप्पा. त्यांचं कापडाचं दुकान आहे. म्हणाले, कंट्रोलचे दिवस हायत, साडी आमीच आनतो, तुमी तरास घेऊ नका. आप्पा एकदम ताठ बसले. म्हणाले, आमच्या घरात माग हाय. माझा तम्मण्णा विनतोय. आयकू येतोय न्हवं आवाज? पोरगी आमच्या घरचीच साडी नेसून उठनार.

मी त्या वेळी सिंहाची मिशी विणत होतो.

आण्णाप्पा साडी बघायला आत यायला निघाले. दुर्गी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, लगनाआधी न्हाय बघायची मामा, आमच्यात चालत न्हाय. असं काही आमच्यात नाही. दुर्गी हुशार आहे. सासरी नाव काढील.

ते गेल्यावर ती माझ्याजवळ आली नाही. परसात भांडी घासत बसली. फार वेळ घासली.

१५ एप्रिल

ठराव. तिसरं निशाण झालं की लगेच साडी. मधे दुसरं काही नाही. देवाशपथ.

२६ एप्रिल

तिसरं तयार. फेटेवाला सिंह. बाहेर दोरीवर लावून बघितला, आडवा उडाला आणि सिंह सरळ उभा! डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात भरमू सायकलवरून आला. म्हणाला, साहेबाला बढती मिळनार म्हनत्यात. मेजर जनरल.

म्हणजे दोन चांदण्या. माझ्या निशाणावर एक.

मी विचारलं, एकावर भागवता येईल का? तो म्हणाला, एकीवर भागवायला ती काय बिडी हाय? मग म्हणाला, तम्मण्णा, तू कशाला एवढा जीव काढतोयस? मला तर काय कळंना. मी त्याला सांगितलं, हुद्दा चुकणं म्हणजे अपमान. तो म्हणाला, आरं पर तुला सांगितलंय कुनी?

भरमू चांगला माणूस. पण ड्रायव्हर आहे. त्याला रस्ता दिसतो, निशाण दिसत नाही.

चौथं सुरू. साडी आता पाचवारी होईल. मुंबईला शिकलेल्या बायका पाचवारीच नेसतात. दुर्गीला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, निपाणीत नेसत न्हाईत अण्णा.

८ मे

अंजनी आज स्पष्टच बोलली. म्हणाली, त्या पोरीची आई न्हाय. आईनं तिच्यासाटी येवढंच मागं ठेवलतं. तुमी ते काठीला बांधाय निघालाय. आप्पांना आज सांगते.

मी म्हणालो, सांग. माझं काही चुकलेलं नाही.

ती ओट्यावर गेली. आप्पा आनंदात होते. तिला म्हणाले, बघ गं अंजने, किती झटतोय बिचारा. मला वाटलंबी नव्हतं, ह्येच्या हातनं व्हईल म्हून. अंजनी तशीच माघारी आली. चुलीपुढे बसली. पदरानं डोळे पुसले. धूर फार होता.

आप्पांनी माझ्याबद्दल असं पूर्वी कधी म्हटलेलं नाही.

१० मे

विणायला बसलो. विणवेना. उद्या बघू.

१८ मे

चौथं पूर्ण. सिंह, फेटा, तुरा, तलवारी, दोन चांदण्या. यात आता काही कमी नाही. उद्या स्वतः कॅम्पात नेऊन देतो आणि परमिटाचं बोलतो. रेशीम तीन दिवसांत मिळालं तर साडी अजूनही होते. रोज वारभर विणलं तर. आप्पा तरुणपणी रोज अर्धा वार विणायचे, पण त्यांना घाई नव्हती.

१९ मे

बंगल्यावर गर्दी होती. मला वाटलं बढतीचा समारंभ.

लिलाव होता. साहेब विलायतेला निघाले. बढती नाही, रिटायर. व्हरांड्यात पलंग, आरसे, कपबशा, मच्छरदाण्या मांडलेल्या. लोक उलटंपालटं करून बघत होते. मी निशाण बगलेत धरून आत शिरलो. भरमू भेटला. म्हणाला, नवा साहेब हिंदी, आपल्यातलाच येनार हाय म्हनत्यात. त्येच्यासाटी डेपोतनं निशाणाचं पार्सलबी आलंय. दाखवलं. लाल. नुसतं लाल. हातरुमालाएवढं. गिरणीचं कापड, कडेला मशीनची शिलाई.

माझं पहिलं निशाण कुठं आहे विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, असंल की. मग मलाच दिसलं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात वेताची टोपली होती, तिच्यात. वर साहेबांचं कुत्रं झोपलं होतं. सिंहावर डोकं ठेवून. कुत्रं मात्र सुलट होतं.

एक मडमीण आली आणि तिनं टोपलीसकट कुत्रं घेतलं. लिलावात नाही, असंच. ती कुत्र्याला घेऊन गेली.

चौथं निशाण परत घरी आणलं. वाटेत दोघांनी विचारलं, साडी घेतली काय लग्नाची? मी व्हय म्हणालो.

२१ मे

सगळ्या बाजूंनी पाहिलं तर माझ्या डिझाइनला कुणी नापसंत केलेलं नाही. साहेब गेले म्हणून राहिलं. नव्या साहेबांना भेटता येईल. हिंदी आहेत, फेट्याचा अर्थ त्यांना लगेच कळेल.

आत्ता नको. लग्न झाल्यावर.

२४ मे

मागावर बसलो. ताणा किती उरला ते बघितलं. आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, लाल रेशीम. कांड्यांची टोपली रिकामी होती. दुर्गीला हाक मारली, कांड्या भर. ती म्हणाली, कशाच्या भरू अण्णा?

सिंहाच्या अंगाभोवती लाल फार लागतं. हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

शहापूर, वडगाव, सगळीकडे फिरलो. लाल रेशीम नाही. पांढरं सूत आहे, तेही कंट्रोलचं, कोष्ट्यांच्या सोसायटीत नाव लावलं तर आषाढात. एका ओळखीच्या घरी विचारलं तर म्हणाले, आप्पाच्या घरी रेशीम न्हाय? आमी तर तुमच्याकडंच मागाय येनार हुतो.

२८ मे

काही सुचत नाही. आज जेवलो नाही. अंजनीनं ताट झाकून ठेवलं.

आप्पांनी विचारलं, माग थांबला? मी म्हणालो, झाली साडी. एवढंच तोंडातून निघालं. आप्पांनी देवाला हात जोडले.

२ जून

दुर्गीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, ठावं हाय अण्णा, कांड्या मीच भरत हुते की.

मी विचारलं, मग मला अडवलं का नाहीस? ती म्हणाली, तुला कदी कुठल्या कामात येवढं रमलेलं बगितलं नव्हतं.

काहीच करता येत नाही आता. ना माग चालवता येत, ना आप्पांपुढे जाता येत. अण्णा म्हणवून घ्यायची लाज वाटते.

५ जून

अंजनीनं पेटीतून स्वतःची लग्नाची साडी काढली. हिरवी, नऊवारी, बारा वर्षांपूर्वी सुनेसाठी म्हणून आप्पांनीच विणलेली. मी म्हणालो, आप्पा बोट लावताच ओळखतील, त्यांचा स्वतःचा पदर आहे. ती म्हणाली, वळखतील म्हून तर पदर झाकायचा म्हंते. तुमचं ते निशाण आना.

चौथं निशाण दिलं. तिनं हिरव्या पदरावर ते पसरलं, कडा दुमडल्या आणि शिवायला बसली. मी समोर बसून सुईत दोरा ओवून देत होतो. एवढं तरी जमलं. शिवून झाल्यावर दुर्गीच्या खांद्यावर टाकून बघितलं.

सिंह नाकावर उभा. निशाणावर सरळ दिसावा म्हणून जिवापाड आडवा विणलेला, तो पदरावर उलटा झाला. फेटा खाली, शेपूट वर. तोंडाखाली दोन चांदण्या.

दुर्गी हसायला लागली. मग अंजनीही. दोघी किती तरी वेळ हसत होत्या. मला हसता आलं नाही. दुसरी सोय नव्हती, तसाच ठेवला.

८ जून

लग्न लागलं.

दुर्गीला मंडपात बसवल्यावर गुरवानं हाक दिली, पदर दाखवा. आप्पांना धरून नेलं. मी बाजूला उभा होतो.

आप्पांनी पदर हातात घेतला. दुर्गीच्या खांद्यावर टाकला. मग बोटं पदरावरून फिरवायला लागले. फेट्याचा तुरा चाचपला. मान. खाली आले. चांदण्या चाचपल्या, एक, दुसरी. परत वर गेले. शेपटीशी थांबले.

म्हणाले, मोर काढलास व्हय रं? दाणं टिपणारा?

निपाणीच्या सगळ्या बायका पुढे बसल्या होत्या, त्यांना सिंह चांगला दिसत होता, तलवारींसकट. विहीणबाई, जयाबाई त्यांचं नाव, पुढे वाकून बघत होत्या.

मी म्हणालो, व्हय आप्पा. मोर.

आप्पा हसले. व्याह्यांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, बघा. माझ्या लेकानं विनलाय. मोराचं पाय थोडं जाड झाल्यात, पर पैलाच हाय त्येचा.

जयाबाईंनी दुर्गीच्या तोंडाकडे बघितलं. दुर्गी मान खाली घालून बसली होती. मग आप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं. आणि म्हणाल्या, लई झ्याक मोर हाय, आप्पा. आमच्या निपाणीत आसला कुनाकडं न्हाय.

मग एकेक बाई येऊन पदराला हात लावून गेली. मोर चांगला आहे म्हणून गेली. एकीनंही दुसरं काही म्हटलं नाही.

संध्याकाळी पाठवणी. गाडीत बसायच्या आधी दुर्गी माझ्या पाया पडली. हळूच म्हणाली, अण्णा, जिवाला लावून घेऊ नगं. तिथं कुनीबी इचारलं तर मी मोरच सांगनार.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, बहीण सासरी चालली म्हणून. तेही होतंच.

१२ जून

नव्या साहेबांना भेटायला जाणार नाही. भरमू येऊन गेला, त्याच्याशी निशाणाचं काही बोललो नाही. त्यानंही काढलं नाही.

आप्पा लग्नापासून वेगळेच वागतात. कुणी आलं की मोराचं सांगतात. मान कशी वळवली आहे, दाणे कसे अलग उठून आलेत. काल समोरच्या घरातल्यांना सांगितलं, आज पुन्हा सांगितलं.

दुपारी मला जवळ बोलावलं. म्हणाले, तम्मण्णा, आजपातूर डोळ्याला सुरी लावून घ्यायचं भ्या वाटायचं. आता न्हाय वाटत. दुर्गी आशाढाला म्हायेरी येनार. त्या आधी मला मिरजंला घिऊन चल. डोळं करून घेतो. तू विनलेला मोर एकदा नीट बघायचा हाय.

मी व्हय म्हणालो.